ढाल कुणाची?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी शाळेच्या फाटकातून आत आले आणि पहिल्यांदा घंटेकडे बघितलं. अजून तीच आहे. मग मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटाकडे गेले. तिथे ढाली आहेत, चषक आहेत आणि खालच्या कप्प्यात आपल्या काळातली ती लाकडी फिरती ढालही आहे. पितळेच्या छोट्या पट्ट्यांवर वर्षं आणि तुकड्या कोरल्या आहेत. त्यातल्या एका पट्टीवर लिहिलंय, '१९८४-८५, ९ वी अ'. ती पट्टी आमची. त्या वर्षी हस्तलिखिताची संपादक मी होते. आज मी त्या ढालीबद्दलच बोलणार आहे. तिचा मला अभिमान आहे, आणि थोडी लाजही वाटते.

मला हा विषय का दिला ते आधी सांगते. आपल्या १९८६ च्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला आहे. दर वर्षी हस्तलिखित, एकांकिका आणि विज्ञान प्रकल्प यांच्या आंतरवर्गीय स्पर्धा घ्यायच्या, भरघोस रोख बक्षिसं द्यायची आणि नवी चांदीची ढाल करायची, असा प्रस्ताव उद्याच्या बैठकीत येणार आहे. समितीतल्या मित्राचा मला फोन आला. म्हणाला, "तू तीस वर्षं जाहिराती आणि डिझाइनच्या क्षेत्रात माणसांकडून डोक्याची कामं करून घेतलीस. बक्षिसामुळे मुलांना जोर येतो, एवढं वीस मिनिटांत सांग म्हणजे झालं."

मी हो म्हटलं, आणि मग लक्षात आलं, की तो सांगतो तेवढंच सांगितलं तर ते अर्धंच खरं असेल. म्हणून आज पूर्ण सांगते. ठराव काय करायचा ते उद्या तुम्ही ठरवा.

आठवीपासून सुरुवात करू. त्या वर्षी आमच्या वर्गाचं हस्तलिखित निघालं तेव्हा स्पर्धा नव्हती. चित्रकलेच्या सरांनी कार्डशीटचा गठ्ठा आणि कट निबच्या चार टाकांची पेटी आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "दिवाळीनंतर मला वाचायला द्या." बस्स. शनिवारी शाळा सुटली की आम्ही चित्रकलेच्या खोलीत बसायचो. कुणी घरून भडंग आणायचं, कुणी खळ शिजवून आणायचं. अक्षर चांगलं असणारे लिहायचे, नसणारे समासाच्या रेघा आखायचे. एका मुलाने 'आमच्या घाण्याचा बैल' असा लेख लिहिला होता. तो इतका धड होता, की सर म्हणाले, व्याकरण सुधारू नका, तसाच उतरवा. दोन पानांवर शाई सांडली, तर आमच्यातल्या एका मैत्रिणीने त्या डागांचे ढग केले आणि खाली पाऊस काढला. त्या अंकात चुका खूप होत्या. पण वर्गातल्या अठ्ठेचाळीस मुलांपैकी कुणाचं ना कुणाचं काहीतरी जवळजवळ प्रत्येक पानावर होतं.

नववीत ढाल आली. सोबत दोन वैयक्तिक बक्षिसंही होती, उत्कृष्ट लेखन आणि उत्कृष्ट चित्र. मी संपादक झाले आणि पहिल्याच दिवशी सरांना विचारलं, "परीक्षक कोण आहेत?"

हा प्रश्न आठवीत कुणाच्या मनातही आला नव्हता.

मग मी पूर्वी नावाजलेले अंक मिळवले. त्यांत काय काय होतं याची यादी केली. देशभक्तीपर कविता दोन, थोर पुरुषाचं चरित्र एक, विज्ञानलेख एक, विनोदी चुटके अर्धं पान. मुखपृष्ठावर सूर्योदय, उघडं पुस्तक आणि कबूतर. त्या यादीप्रमाणे मी कामं वाटली. अक्षर खराब असणाऱ्यांना सांगितलं, की तुम्ही या वर्षी नका येऊ, गर्दी होते. बैलावर लिहिणाऱ्या मुलाला शेतीच्या आधुनिकीकरणावर लिहायला सांगितलं. त्याने ते कुठल्या तरी पुस्तकातून उतरवून आणलं.

आणि ती मैत्रीण, डागांचे ढग करणारी, तिने मुखपृष्ठ काढून आणलं. तुम्हा सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात आयर्विन पुलावर उभं राहून पाणी बघायची आपल्याला सगळ्यांना सवय. तिने पुलावरून खाली बघितल्यासारखं चित्र काढलं होतं. नुसतं गढूळ पाणी, आणि त्यातून वाहत चाललेला एक दरवाजा. दरवाज्याला बाहेरून कडी लावलेली.

मी ते बघितलं आणि म्हणाले, "छान आहे गं, पण परीक्षकांना कळणार नाही. सूर्योदय काढ."

तिने सूर्योदय काढला. पुस्तक काढलं, कबूतर काढलं. त्यात कसलीही चूक नव्हती. आम्हाला ढाल मिळाली. चित्राचं बक्षीस दुसऱ्या वर्गाला गेलं. ढाल घ्यायला संपादकाने यायचं होतं, त्यामुळे फोटोत मी आणि ढाल आहोत, दुसरं कुणी नाही. तिला आठवीत एलिमेंटरीला 'अ' श्रेणी होती. त्या वर्षी ती इंटरमिजिएटला बसली नाही. एवढं एकच कारण असेल असं मी म्हणत नाही, घरच्या अडचणीही असतील. पण मी तेव्हा तिला विचारलंही नाही.

पुढे नोकरीत मी हेच पुन्हा केलं, तेही पगार घेऊन.

मी ज्या जाहिरात कंपनीत होते तिचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. माझ्या हाताखाली नऊ जणांचा गट होता. लिहिणारे, चित्रं काढणारे, मांडणी करणारे. रोज चार वाजता चहा व्हायचा, आणि त्या चहाला प्रत्येक जण आपली अर्धीमुर्धी कल्पना टेबलावर टाकायचा. भिजवलेल्या कणकेसारखं असायचं ते. एकाने भिजवायची, दुसऱ्याने मळायची, लाटायची तिसऱ्याने. पोळी कुणाची, हे कुणी विचारत नसे. मला वाटलं, एवढं चांगलं चाललंय, त्याला थोडा जोर द्यावा. मी भिंतीवर एक फलक लावला. महिन्याची सर्वोत्तम कल्पना, पाच हजार रुपये आणि फोटो.

पहिल्या महिन्यात उत्साह होता. दुसऱ्या महिन्यात चहाच्या टेबलावर लोक हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले. कल्पना आता पाकिटात घालून थेट माझ्या टेबलावर यायच्या, पूर्ण सजवलेल्या. आणि गंमत म्हणजे त्या बऱ्याचशा एकमेकींसारख्या असायच्या. आदल्या महिन्यात मी ज्याला बक्षीस दिलं, त्याच्याच वळणाच्या. चौथ्या महिन्यात एका ओळीवरून भांडण झालं. ओळ खरोखरच तिघांच्या तोंडून मिळून तयार झाली होती, आणि तिघेही खरं बोलत होते. आमच्यात एक नवी मुलगी होती. ती स्वतः फारसं सुचवायची नाही, पण "हे असंच का?" असं विचारायची आणि सगळं काम पुन्हा उघडायची. फलकावर तिचा फोटो कधीच येणार नव्हता. ती गप्प झाली. वर्षभराने मी फलक काढला, पण चहाचं टेबल लगेच पूर्वीसारखं झालं नाही. त्याला जवळजवळ आणखी एक वर्ष गेलं.

हे माझ्याच बाबतीत का घडलं, हे शोधायला म्हणून मी वाचायला लागले. त्यातल्या चारदोन गोष्टी सांगते, कारण उद्याच्या ठरावाशी त्यांचा थेट संबंध आहे.

अमेरिकेत टेरेसा अमाबिले नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी सात ते अकरा वर्षांच्या मुलींना रंगीत कागदांची चिकटचित्रं करायला दिली. एका गटाला सांगितलं, की सर्वांत चांगल्या चित्रांना बक्षीस आहे. दुसऱ्या गटाला सांगितलं, की बक्षिसं नंतर चिठ्ठ्या टाकून काढू. मग कुठलं चित्र कुठल्या गटातलं हे न सांगता ती सगळी चित्रं जाणकारांना दाखवली. स्पर्धेतल्या मुलींची चित्रं कमी कल्पक ठरली. हा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे आमच्या ढालीच्या आधी. पुढे त्यांनी व्यावसायिक चित्रकारांची कामंही तशीच तपासून घेतली. काही कामं मागणीवरून केलेली, काही स्वतःच्या मनाने. हाताच्या सफाईत फरक नव्हता. कल्पकतेत मात्र मागणीवरची कामं कमी पडली. आमचा सूर्योदय आठवतो ना? सफाई पूर्ण होती.

दुसरा प्रयोग जुना आहे, मेणबत्तीचा. टेबलावर मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली खोकी ठेवतात आणि सांगतात, मेण टेबलावर न सांडता मेणबत्ती भिंतीला लावा. उत्तर असं, की टाचण्या ओतायच्या, रिकामी खोकी भिंतीला टोचायची आणि तिच्यात मेणबत्ती उभी करायची. पण खोकी ही टाचण्या ठेवायचीच वस्तू, असं डोक्यात बसलेलं असतं. १९६२ साली सॅम ग्लक्सबर्ग यांनी हा प्रयोग बक्षीस ठेवून केला. लवकर सोडवणाऱ्याला पैसे. पैसे लावलेल्या गटाला सरासरी सुमारे साडेतीन मिनिटं जास्त लागली. पण टाचण्या आधीच खोक्याबाहेर ठेवल्या, म्हणजे उत्तर डोळ्यांसमोर आलं, तेव्हा मात्र बक्षीसवाला गटच पुढे गेला.

मला यातून जे समजलं ते साधं आहे. वाट माहीत असेल तर बक्षिसामुळे पाय जोरात पडतात. शंभर पाढे पाठ करायचेत, मैदानाला दहा फेऱ्या मारायच्यात, जरूर बक्षीस लावा. पण वाटच शोधायची असेल, तर इकडेतिकडे बघावं लागतं, आणि बक्षीस दिसायला लागलं की माणूस फक्त बक्षिसाकडे बघतो.

तिसरी गोष्ट बालवाडीतली, १९७३ सालची. ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांच्यातल्या काहींना आधी सांगितलं, की चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता चित्र झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. आठ-पंधरा दिवसांनी वर्गात रंगीत पेनं पुन्हा मोकळी ठेवली. प्रशस्तिपत्राच्या आशेने काढणाऱ्या मुलांनी आता इतरांच्या मानाने निम्म्याच्या आसपास वेळ चित्रांना दिला. ज्यांना अचानक मिळालं होतं, त्यांची आवड कमी झाली नव्हती. म्हणजे कौतुकाने काही बिघडत नाही, कौतुक आधी कबूल करून त्यावर काम करून घेतलं की बिघडतं.

आता समितीतला माझा मित्र तिकडे अस्वस्थ झालेला दिसतोय. थांब रे, तुझी बाजूही मांडते. स्पर्धा वाईटच, असं मी म्हणत नाही. नाटकाच्या गावात उभं राहून तसं म्हणणं शोभणारही नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथे केलं, आणि तेव्हापासून आपण नाट्यपंढरीचे. आपल्यातले जे पुढे पुण्याला कॉलेजात गेले, त्यांनी पुरुषोत्तम करंडकाच्या आरोळ्या ऐकल्या असतील. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ साली सुरू केलेली ही एकांकिका स्पर्धा. मराठी रंगभूमीला आणि पडद्याला तिथून किती माणसं मिळाली याची गणती नाही. ती सगळी महिना-दीड महिना झोप विसरून एकमेकांसाठी राबली, ती स्पर्धेमुळेच. मग तिथे स्पर्धेने माणसं जोडली आणि माझ्या फलकाने तोडली, असं का?

एक कारण असं, की तिथे स्पर्धा दोन गटांमध्ये असते आणि गटाच्या आत सगळे एका बाजूला असतात. माझा फलक गटाच्या आत होता. शेजारी बसणाराच प्रतिस्पर्धी झाला, तर त्याला अर्धी कल्पना कोण सांगणार?

दुसरं कारण मला २०२२ साली कळलं. त्या वर्षी परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुठल्याच संघाला दिला नाही. त्यावर वाद झाला, मुलं नाराज झाली, ते स्वाभाविकच होतं. पण मला त्यात एक गोष्ट मोलाची वाटली. करंडक म्हणजे 'इतरांपेक्षा बरं' एवढंच नाही, 'चांगलं' काय याचंही एक माप आहे, आणि कुणी तरी ते धरून ठेवलं आहे. फक्त दुसऱ्याला हरवायचं असेल तर गेल्या वर्षीच्या विजेत्याची नक्कल पुरते. मी नववीत तेच केलं होतं.

तिसरं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नेटफ्लिक्स कंपनीने २००६ साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. कुठल्या ग्राहकाला कुठला चित्रपट किती आवडेल याचा त्यांचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवायचा. तीन वर्षं जगभरचे संघ झटले. शेवटी जिंकला तो तीन संघ एकत्र येऊन झालेला संघ. त्याच्याशी बरोबरी केली तीही अनेक संघ मिळून झालेल्या गटाने, आणि निकाल लागला तो वीस मिनिटं आधी उत्तर पाठवलं एवढ्यावर. यात मला महत्त्वाचा वाटतो तो नियम. मधल्या टप्प्यावरचं वार्षिक बक्षीस ज्याला मिळेल, त्याने आपली रीत सगळ्यांसाठी प्रसिद्ध करायची. म्हणजे जिंकणाऱ्याने बाकीच्यांना शिकवायचं. पण त्याचीही दुसरी बाजू आहे. शेवटच्या त्या विजयी उत्तराचा कंपनीने पुरता वापर केलाच नाही. ते बसवायला जेवढा खटाटोप लागला असता, तेवढा फायदा त्यातून दिसत नव्हता. संघांनी कामाचा प्रश्न सोडवला नव्हता, बक्षिसाच्या अटीचा प्रश्न सोडवला होता.

स्पर्धा किती असावी, याचंही उत्तर थोडंफार मिळतं. डॅनिएल ग्रॉस नावाच्या अर्थतज्ज्ञाने बोधचिन्हांच्या स्पर्धा तपासल्या. एखाद्याचं काम पसंत पडलं आणि तोडीचं कुणी नसलं, की तो त्याच कामात बारीकसारीक फेरफार करत बसतो. तोडीचा एखादा प्रतिस्पर्धी आला, की तो नवं काही करून बघतो. आणि तोडीचे फार झाले, की तो नादच सोडतो. आमटीतल्या मिठासारखंच आहे हे.

आणखी एक गोष्ट, खास मुलींसाठी. मार्कस बेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलं, की गटागटांतली चुरस वाढली की पुरुषांच्या गटांची कल्पकता वाढताना दिसते, बायकांच्या गटांची मात्र चुरस फार वाढली की कमी होताना दिसते. म्हणून बायकांना स्पर्धा झेपत नाही असा अर्थ कुणी काढू नका. इथे बसलेल्या आमच्या वर्गातल्या मुलींनी काय काय झेपवलंय ते मला माहीत आहे. मी एवढाच अर्थ काढते, की एकच चाबूक सगळ्यांच्या पाठीवर सारखा चालत नाही. सगळ्या वर्गाचं डोकं चालावं असं वाटत असेल, तर चुरस हा एकच उपाय ठेवून भागणार नाही.

आणि एक आपल्या घरचं उदाहरण. 'संगीत मानापमान' लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आपल्या सांगलीचे. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या दोन नाटक कंपन्या म्हणजे त्या काळची सर्वांत मोठी चुरस. प्रेक्षकांतही दोन तट. पण ८ जुलै १९२१ ला मुंबईत दोघांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. शंभर वर्षांनंतरही लोक त्या प्रयोगाबद्दल बोलतात. मी विचार केला, असं का जमलं असेल? दोघांनी आयुष्यभर चुरशीने गळा तयार केला होता, हे खरंच. पण त्या रात्रीची कमाई टिळक स्वराज्य फंडाला जाणार होती. कुणाला टाळ्या जास्त पडल्या यावर पैसे ठरणार नव्हते. चुरशीने दोघं मोठे झाले आणि त्या रात्री दोघांनी सामाईक कारणासाठी गायलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. तो प्रयोग राहिला असता, तर राहूनच गेला असता.

आता उद्याच्या ठरावासाठी माझ्या सूचना. पाचच आहेत.

पहिली. निधीच्या व्याजातला मोठा वाटा बक्षिसांवर न घालवता आधी साहित्यावर घालवा. कागद, रंग, नाटकासाठी कापड, प्रयोगशाळेतल्या तारा आणि बल्ब, आणि शनिवारी चित्रकलेची खोली उघडी ठेवणाऱ्या शिक्षकांचं मानधन. आमच्या सरांनी आठवीत आम्हाला बक्षीस दिलं नव्हतं, कार्डशीट आणि टाक दिले होते.

दुसरी. बक्षीस वर्गाला द्या, एकट्याला नको. आणि अंकाच्या शेवटच्या पानावर प्रत्येकाचं नाव आलंच पाहिजे. समास आखणाऱ्याचं आणि खळ शिजवणाऱ्याचंही. ढाल घ्यायला संपादकाने एकट्याने यायचं नाही.

तिसरी. कुठलंच काम त्या मापाला उतरलं नाही, तर ढाल त्या वर्षी कपाटातच राहील, आणि दोन उतरली तर दोघांची होईल, असं नियमात लिहा. पण मुलांना नुसतं 'नाही' म्हणू नका. परीक्षकांनी प्रत्येक वर्गाला एक पानभर पत्र लिहावं. काय आवडलं, कुठे अडलं. मला वाटतं, मुलं ढाल विसरतील, पण ते पत्र जपून ठेवतील.

चौथी. जिंकलेल्या वर्गाने आपली कच्ची पानं, खोडलेल्या ओळी, फसलेली चित्रं प्रदर्शनात मांडावीत आणि खालच्या वर्गाला शिकवावं. शेजारच्याला दाखवलं तर आपलं जातं, ही भीती त्याने कमी होईल.

पाचवी. दर तीन वर्षांनी एकदा स्पर्धाच नको. अ, ब, क तुकड्या मिसळून शाळेचा एकच अंक, एकच नाटक. त्याला 'संयुक्त' म्हणा.

माझा मित्र फोनवर म्हणाला होता, "बक्षीस नसेल तर आजची मुलं मोबाइल खाली ठेवतील का?" प्रश्न रास्त आहे. काही मुलं पहिल्या दिवशी बक्षिसासाठीच येतील, येऊ देत. पण दुसऱ्या शनिवारी ती पुन्हा का येतात, ते बघायचं. भडंग, गप्पा, आपल्या हाताने काहीतरी होतंय याची मजा, आणि आपण नाही गेलो तर अडेल ही भावना, एवढ्यावर आमचा आठवीचा वर्ग दिवाळीपर्यंत टिकला होता. बक्षीस म्हणजे फाटकातली कमान. तिच्यातून आत यायचं, तिच्याखाली बसून राहायचं नाही.

आणि शेवटचं, ते माझं स्वतःचं आहे.

ती मैत्रीण आज इथे आहे. तिचं नाव घेणार नाही, या अटीवर तिने मला हे सांगायची परवानगी दिली. परवा मी तिला फोन केला तेव्हा म्हटलं, "तो दरवाजा मी नको म्हणायला नको होतं गं." पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "तुला आठवतोय?" मी म्हटलं, कडीसकट आठवतोय. ती म्हणाली, "तो आमच्या शेजारच्यांचा होता. मी तो खरंच वाहताना बघितला होता."

चाळीस वर्षं मला वाटत होतं, की ती तिची कल्पना होती. मी विचारलंच नव्हतं ना. "परीक्षकांना कळणार नाही" असं मी म्हणाले, पण खरं तर मलाच कळून घ्यायचं नव्हतं. सगळ्यांसमोर एकदा सांगते, माझं चुकलं. त्या पितळी पट्टीवर '९ वी अ' लिहिलंय. तो सगळा वर्ग माझ्यासोबत फोटोत असायला हवा होता, आणि तू सगळ्यांत पुढे.

आपल्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ अजून ठरायचं आहे. समितीला विचारून मी तिला म्हटलं, तू काढशील का? ती म्हणाली, "बघते. परीक्षक नाहीत ना कुणी?"

मी म्हटलं, नाहीत.